शिमगा, धुळवड, रंगपंचमी : तुमच्याकडे काय काय चालायचं? (अनुभव धागा)

माडाखालची
सोसायटीच्या ग्रूपवर आत्ताच सूचना आली. होळी साडेसातला पेटणार, आठला पाणी मारून विझवणार, कोणीही आरडाओरडा करू नये. होळीला बोंब मारायची नाही तर काय सुविचार म्हणायचे? तेव्हापासून गावचा शिमगा डोक्यात फिरतोय.

माहेर गुहागरकडचं. आमच्याकडे रंगाचं कौतुक फारसं नव्हतंच, शिमगा म्हणजे पालखी. फाक पंचमीपासून रोज संध्याकाळी पोरांच्या बारक्या होळ्या. त्यासाठी कुणाच्या कुंपणाच्या काठ्या गेल्या हे सगळ्यांना ठाऊक, पण बोलायचं कुणी नाही. पौर्णिमेला मोठा होम. देवांना रुपी (मुखवटे) लागली की पालखी देवळातून निघायची, सहाणेवर, म्हणजे पालखीच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसायची आणि मग वाडीवाडीतून घरोघर. आपल्या घरी यायचा दिवस ठरला की आजी पहाटेच उठून अंगण सारवायला घ्यायची. ओटी, नारळ, गाऱ्हाणं, नवस बोलणं, नवस फेडणं, सगळं त्या अर्ध्या तासात. बांधावरून वर्षभर एकमेकांशी न बोलणारे माझे दोन चुलते पालखीला पुढून-मागून खांदा द्यायचे आणि ढोल चढला की अशी नाचवायचे की बघत राहावं. पालखी पुढच्या घरी गेली की पुन्हा अबोला!

पाठोपाठ खेळे, म्हणजे सोंगं घेऊन नाचणारे, यायचे. त्यातल्या संकासुराला मी जाम घाबरायचे. काळे कपडे, उंच टोकदार टोपी, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. तो अंगणात शिरला की मी कणगीच्या मागे. खूप पुढे कळलं की आत आमच्याच शाळेत घंटा देणारे काका असायचे.

तुमच्याकडचं लिहा. रंगाचं, राखेचं, शिव्यांचं, काहीही चालेल.

फोडणीची मिरची
आयना का बायना, घेतल्याशिवाय जायना!! पोस्त, म्हणजे शिमग्याचे पैसे, मागायला आम्ही पण जायचो. एका घरचे आजोबा दार लावून आत बसायचे. मग आम्ही ओटीवरच नाचायचो, कंटाळून पैसे द्यायचे बिचारे.

गोदाकाठ
नाशिककर हजर. बाकी जग धुळवडीला रंगतं, आम्ही पंचमीला. धुळवडीला आमच्याकडे वीर निघतात. घराण्यातल्या वीरांचे टाक (देवघरातल्या धातूच्या प्रतिमा) खोबऱ्याच्या वाटीत ठेवून वाजतगाजत गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, न्यायचे, बारकी पोरं वीर म्हणून सजलेली. दाजीबा वीराची मिरवणूक तर बघायलाच हवी अशी, बाशिंग बांधलेला वीर.

आणि पंचमीला रहाड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : जुन्या नाशकात भर चौकात जमिनीखाली दगडी हौद आहेत, पेशवाईतले. वर्षभर लाकडी फळ्या आणि माती टाकून बुजवलेले. वरून रिक्षा-स्कूटर जात असतात, खाली हौद आहे हे बाहेरच्याला कळतही नाही. पंचमीच्या आधी उकरायचे, साफ करायचे, फुलं-पानं उकळून केलेला रंग भरायचा, पूजा करायची आणि मग धप्पा! धप्पा म्हणजे उडी. अशी मारायची की काठावरच्या सगळ्यांनी भिजलं पाहिजे. शनि चौकाची गुलाबी, तिवंध्याची पिवळी, दिल्ली दरवाजाची केशरी. कुणाच्या अंगावर कुठला रंग आहे त्यावरून तो कुठे बुडून आला ते कळतं.

दुपारची झोप
@गोदाकाठ रंग निघतो का पण? माझे केस तीन आठवडे जांभळे होते एकदा

गोदाकाठ
नैसर्गिक असतो हो, निघतो. बनियन मात्र गेली समजायची.

कपाशी
आमच्या विदर्भात होळीच्या आधी चाकोल्या. शेणाच्या छोट्या छोट्या चकत्या, मधे भोक पाडायचं, वाळवायच्या, सुतळीत ओवून माळा करायच्या आणि होळीला वाहायच्या. आम्ही पोरी गाईमागे टोपली घेऊन फिरायचो, कुणाची माळ लांब यावर भांडणं. आणि साखरेच्या गाठ्या! गळ्यात घालायच्या आणि घामाने चिकटल्या की तिथूनच चाटायच्या. पळसाची फुलं आदल्या रात्री हंड्यात उकळायला टाकायची, सकाळी केशरी पाणी तयार. त्या पाण्याचा वास अजून ओळखेन मी.

आता लेकीला विचारलं चाकोल्या करू का, तर म्हणे आई ईईई

फोडणीची मिरची
@कपाशी काकू, लेकीला सांगा ऑनलाइन गोवऱ्या पैसे देऊन घेतात लोक. धंदा करा 😂

बर्फातला बंड्या
ते घेणारे लोक आम्हीच. कॅनडात आहे. मार्चमधे इथे बर्फ असतो, रंग बर्फावर पडला की मात्र झकास दिसतो. होळी मित्राच्या घरामागे, लोखंडी शेगडीत दोन गोवऱ्या. बोंब मारली तर शेजारची बाई खरंच विचारायला आली, सगळे ठीक आहात ना.

लोकलची शेवटची सीट
मला नाही आवडत होळी. कॉलेजात असताना रुळांच्या कडेने पाण्याने भरलेल्या पिशव्या मारायचे लोकलवर. डोळ्यावर बसली होती. महिनाभर लाल. अजूनही होळीच्या आठवड्यात खिडकी लावून घेते. रंगाचा विरस करायचा नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून.

माडाखालची
अगं विरस कसला. हे पण लिहायलाच हवं. डोळा ठीक आहे ना आता?

लोकलची शेवटची सीट
हो ताई, ठीक आहे. चष्मा आहे तो वेगळ्या कारणाने, मोबाइल.

जुना बाड
बोंबेवरून. बोंब मारायला शास्त्राधार आहे, सोसायटीला पाठवा. प्रल्हाद-होलिका सगळ्यांना माहीत असते, पण भविष्यपुराणाच्या परंपरेत ढुंढा राक्षसीची गोष्ट आहे. रघू राजाच्या राज्यात ती लहान मुलांना छळायची. देवापासून, माणसापासून, शस्त्रापासून मरण नाही असा वर तिला मिळालेला, फक्त खोडकर पोरांचा अपवाद राहिला. म्हणून मुलांनी लाकडे गोळा करायची, पेटवायची, भोवती नाचायचे, वाटेल ते बरळायचे आणि शिव्या द्यायच्या. तिला पळवायचा उपायच तो. कामदहनाची तिसरी कथा, शंकराने मदनाला जाळले ती.

रंगाचे म्हणाल तर हालाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे आपल्याच महाराष्ट्री प्राकृतात, फाल्गुनातल्या सणाला कुणीतरी एकीला चिखल फासल्याची गाथा आहे. तेव्हा धुळवडीला चिखल खेळणाऱ्यांनी मान वर करून खेळावे. माझे मत विचाराल तर कथा नंतर चिकटल्या. थंडी संपली, सुगी हातात आली, माणसाला ओरडावेसे वाटले, इतकेच मूळ असावे.

दुपारची झोप
बाड काका, तुम्ही धुळवडीला चिखल खेळलात का कधी ते सांगा

जुना बाड
खेळलो. नंतर वडिलांनी विहिरीवर नेऊन काथ्याने घासले.

पांढऱ्या मातीचा
बीड जिल्हा. केज तालुक्यात विडा म्हणून गाव आहे, तिथं धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक काढतात. गळ्यात चपलांची माळ. आठ दिवस आधीपासून गावातले जावई गायब व्हायला लागतात आणि पोरं शोधत फिरतात. सापडला की पहारा. मिरवणूक मारुतीच्या देवळापाशी संपते, मग नवे कपडे आन् सोन्याची अंगठी. माझ्या मित्राची सासुरवाडी ती. दरवर्षी म्हणतो यंदा जात नाही, पण अंगठीपायी जातो असा आमचा संशय आहे.

फोडणीची मिरची
गाढवाला काय मिळतं??

पांढऱ्या मातीचा
जावई.

कपाशी
😂😂😂 पोळी उलथायची राहिली ना माझी

डिचोलीकार
गोव्यातून. आमचा शिगमो. रोमटां-मेळ, म्हणजे नाचणाऱ्यांचे ताफे, ढोल-ताशे घेऊन गावभर, आणि घोडेमोडणी : कमरेला लाकडी तोंडाचा घोडा बांधलेला, हातात तलवार, डोकीला फुलं. पणजी-म्हापशाच्या मिरवणुकीतले चित्ररथ बघायला गर्दी जमते, पण खरा शिगमो गावच्या मांडावर, म्हणजे सणाच्या ठरलेल्या जागेवर. सांगे-केपेकडे जांबावलीचा गुलाल तर असा की देऊळ, रस्ता, माणसं सगळी एकाच रंगाची. मळकर्णेला शेणी उजो (गोवऱ्यांचा विस्तव) असतो, रात्री सुपारीच्या झाडांवरून जळत्या शेणीचे निखारे खाली पाडतात आणि लोक खाली उघड्या अंगाने उभे. मी लांबूनच पाहिलाय. आई म्हणाली तेवढं पुरे.

बदलीवरचा मास्तर
नंदुरबार जिल्ह्यात धडगावला नोकरीला होतो तेव्हाची आठवण. सातपुड्यात होळी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण. आधी भोंगऱ्या बाजार, तिथे ढोल, पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) आणि खरेदी. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी सगळ्यात मानाची. रात्रभर नाच. बावा-बुध्या बनलेल्यांच्या डोक्यावर मोरपिसांचे टोप, अंगावर राखेची नक्षी, कमरेला घुंगरं आणि वाळलेले दुधी भोपळे. त्यांनी आधी काही दिवस कडक व्रत पाळलेलं असतं, खाटेवर झोपत नाहीत. उंचच्या उंच बांबू उभा करतात आणि होळी पेटते ती पहाटे. शहरातले लोक दहा वाजता फोटो काढून झोपतात आणि खरी होळी त्यांची हुकते. सणासाठी स्थलांतर केलेले मजूर गुजरातेतून घरी परततात, वर्गात तेव्हा पट पूर्ण भरलेला दिसायचा.

सराफ्यातली मावशी
इंदूरहून नमस्कार. आमच्याकडेही पंचमीच मोठी. राजवाड्यापुढून गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते, टँकरमधून पाण्याचे आणि गुलालाचे फवारे थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत. होळकरांच्या वेळची परंपरा म्हणतात. सासूबाई नव्वदीच्या, गच्चीत खुर्ची टाकून बसतात आणि दरवर्षी म्हणतात आता पूर्वीसारखं राहिलं नाही, मग संध्याकाळपर्यंत उठत नाहीत.

वाईची हळद
पंचमीला आमच्या वाईजवळच्या बावधनचं बगाडपण (नवसकऱ्याला उंच टांगून ओढायचा लाकडी गाडा) विसरू नका! होळी पौर्णिमेला देवाचा कौल घेऊन बगाड्या, म्हणजे टांगून घेणारा, ठरतो. कृष्णेकाठच्या सोनेश्वरापासून बैलं लावून ओढत आणतात गावात. शिवारात धूळ इतकी की रंगाची गरज पडत नाही. बाकी घरी जाऊन लिहिते, गिऱ्हाईक आलंय

दुपारची झोप
@गोदाकाठ यंदा पंचमीला नाशिकला यायचा विचार आहे. बायकांना धप्पा मारता येतो का? आणि पांढरे कपडे घालू का?

गोदाकाठ
येतो की, काही रहाडींवर बायकांसाठी वेगळी वेळ ठेवतात, आदल्या दिवशी विचारून घ्या. पांढरे घाला, फक्त परत घालायचे नाहीत असे. मोबाइल घरी ठेवा. गाडी गंगेच्या अलीकडेच लावा, आतल्या गल्ल्यांत सायकलसुद्धा शिरत नाही त्या दिवशी.

दुपारची झोप
आणि जेवायला?

गोदाकाठ
मिसळ. पण सकाळी. उडी मारून आल्यावर तुम्हाला तशा अवतारात कुणी बाकावर बसू देणार नाही.