ली वॉर्नर साहेबाचं घराणं नेमकं कुठलं?

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी, आमचं जुनं घर उतरवायला काढलंय, माळ्यावर पणजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली. ते कोल्हापूर दरबारात कारकून होते. आत एक मोडी कागद आहे, घडीवर फाटलेला, शाई पार तांबूस पडलीय. मला त्यातलं 'ली वारनर साहेब बहादूर' एवढंच लागलं. शोधल्यावर कळलं की विल्यम ली वॉर्नर १८८६ च्या सुमारास इथं पोलिटिकल एजंट, म्हणजे संस्थानावर नजर ठेवणारा इंग्रज अधिकारी होता आणि घराणं जमीनदारांचं. आता मला सांगा, घरची एवढी जमीन असताना माणूस इतक्या लांब चाकरीला का येईल?

मोडीवेडा:
भावा, लई चांगला विषय काढलास. हे लोक इंग्लंडात नॉरफोकमधल्या वॉल्सिंगहॅमचे. ते गाव म्हणजे त्यांच्याकडचं मोठं क्षेत्र, आपल्या अंबाबाईला येतात तशी माणसं तिथं येशूच्या आईच्या, मेरीच्या दर्शनाला चालत यायची. १५३८ साली इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीनं तिथला मठ मोडला आणि जमीन खाजगी मालकीची झाली, ती पुढं या घराण्याकडं आली. विल्यमचा जन्म तिथलाच, १८४६ चा, वडील चर्चमध्ये कॅनन, म्हणजे मानाचे पाद्री होते. रग्बी गावात शाळा, मग केंब्रिज, आणि १८६९ ला मुंबई इलाख्यात रुजू.

दूधगंगा:
चाकरीचं कारण वाटणीत आहे. आपल्याकडं भाऊ-भाऊ वाटण्या करतात आणि बांधावरनं भांडतात, तिकडं जमीन थोरल्याला, तुकडे पाडायचेच नाहीत. धाकट्यांनी चर्च, फौज नाहीतर वकिली बघायची. १८५५ पासून इंडियन सिव्हिल सर्व्हिसला खुली परीक्षा लागली, पगार चांगला, पेन्शन पक्की, मग हुशार धाकटी पोरं इकडं वळायला लागली. विल्यम थोरला नव्हताच.

मला तर त्यांच्या आडनावाची गोष्ट जास्त मोलाची वाटते. सतराव्या शतकात बिशप जॉन वॉर्नर होते, त्यांची मिळकत बहिणीच्या मुलाकडं, जॉन लीकडं गेली आणि त्यानं मामाचं आडनाव लावलं. म्हणजे दत्तकासारखंच की हो! आणि त्याच घराण्यातल्या या विल्यमनं पुढं गव्हर्नर जनरल डलहौसीचं दोन खंडांचं चरित्र लिहिलं (१९०४), ज्या डलहौसीनं दत्तक नामंजूर करून सातारा घेतलं त्याचं. सातारकरांचं दुःख त्याला आतून कळायला हवं होतं असं मला फार वाटतं. संस्थानं आणि सरकार यांच्या नात्यावरही त्याचं १८९४ चं पुस्तक आहे, ते मात्र प्रत्येकानं वाचावं, एजंटाच्या डोक्यात काय चालायचं ते त्यात कळतं.

मोडीवेडा:
अजून एक, कागदावर तारीख आहे का बघ. मार्च १८८६ मध्ये रीजंट, म्हणजे राजा लहान म्हणून कारभार बघणारे आबासाहेब घाटगे वारले. शाहू महाराज तेव्हा अकरा वर्षांचे, राजकोटला शिकत होते, म्हणजे कारभारावर एजंटाचा शब्द चालायचा. त्या वर्षातला असेल तर कागद महत्त्वाचा आहे, जपून ठेव. लॅमिनेशन अजिबात करू नकोस आणि घडीवर चिकटपट्टी लावू नकोस, डाग पडतात. सपाट ठेवून फोटो काढ आणि पुराभिलेखागारात दाखव.

रंकाळाकाठ:
चिकटपट्टी आणून ठेवली होती दादा, थांबलो. वरच्या कोपऱ्यात 'सन १८८' दिसतंय, पुढचा आकडा नेमका घडीत गेलाय. उद्या उजेडात फोटो काढून इथं टाकतो, तुम्ही दोघांनी लावून बघा.