शब्द हवा: 'सर्क्युलेटिंग प्रोजेनिटर सेल्स'

धंतोलीकर:
डोक्याला मार लागून भरती झालेल्यांच्या नातेवाइकांसाठी एका अभ्यासाचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. यात उपचार काही करायचा नाही, ठरलेल्या दिवशी थोडं रक्त घ्यायचं आणि त्यात सीडी३४ ही खूण असलेल्या पेशी किती आहेत ते फ्लो सायटोमीटर या पेशी मोजणाऱ्या यंत्रावर मोजायचं. 'स्टेम सेल'ला मूलपेशी आहे. 'प्रोजेनिटर'ला कोशात 'पूर्वज' सापडलं. वॉर्डातल्या एका काकांनी खर्डा वाचला आणि विचारलं, "आमच्या पूर्वजांचं रक्त काहून पाहिजे बाप्पा?"

सरळरेषा:
काका बरोबर आहेत. पूर्वज म्हणजे होऊन गेलेले, आणि या पेशींचं तर अजून सगळं व्हायचं आहे. मूलपेशी स्वतःसारखी दुसरी घडवत राहते. प्रोजेनिटरची वाट बरीचशी ठरलेली, कुणी रक्तपेशींकडे, कुणी रक्तवाहिनीच्या अस्तराकडे, आणि विभाजनंही मोजकीच. 'जनकपेशी' करा.

काटोलवाला:
राजेहो, शब्द आपल्या वाडीतच पडून आहे. जंभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो ना आपण? स्टेम म्हणजे खुंटपेशी, प्रोजेनिटर म्हणजे डोळापेशी. संस्कृतचे पाय धरायची गरज नाही.

धंतोलीकर:
भाऊ, डोळापेशी वाचून लोक नेत्रदानाचा फॉर्म समजतील.

सरळरेषा:
शिवाय डोळा खुंटातून फुटत नाही, दुसऱ्या झाडावरून आणून बसवतात. प्रोजेनिटर मूलपेशीचीच लेक. खोडाचं म्हणाल तर जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलनं १८६८ साली 'श्टामत्सेले' (स्टेम सेल) लिहिलं ते वंशवृक्षाच्या खोडावरून. आपण मात्र खोड सोडून मुळाशी गेलो.

पोथीनिष्ठ:
'सर्क्युलेटिंग'कडे कुणी बघतच नाही. रक्ताभिसरण म्हणतो, तर 'अभिसारी' घ्या. दुखावलेल्या जागी एसडीएफ-१ हे प्रथिन वाढतं, पेशीवरचा सीएक्ससीआर४ हा ग्राही ते ओळखतो आणि पेशी तिकडे ओढली जाते. प्रियकराकडे निघालेली अभिसारिका दुसरं काय करते?

सरळरेषा:
रक्तात मोजलेली पेशी मेंदूपर्यंत पोचली की नाही, हे रक्त तपासून कळत नाही. अभिसारिकेला घराबाहेर पडताना पाहिलं, एवढंच. 'रक्तात फिरणाऱ्या' लिहा. नाव ठेवणाऱ्यांचंही एकमत कुठे आहे? १९९७ मध्ये प्रौढांच्या रक्तातून अस्तराच्या प्रोजेनिटर म्हणून ज्या वेगळ्या काढल्या, त्या पद्धतीनं वाढवलेल्या बऱ्याचशा मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या कुळातल्या निघाल्या.

मेडिकल_चौक:
ताई, शब्द शुद्ध असून काय करता? 'मूलपेशी' वाचलं की लोकांना जाहिरातीतलं इंजेक्शन आठवते. आमच्या शेजारचे विचारून राहिले होते, किती लाख लागतील म्हणून. पहिल्या ओळीत लिहा: तुमच्या माणसाला पेशी टोचणार नाही, फक्त रक्तातल्या मोजणार. अन् 'मेंदूचा आघात' कुठे लिहिलं असेल तर काढा, लोक लकवा समजतात. 'मुका मार' म्हणा.

सरळरेषा:
मुका मार म्हणजे वर जखम न दिसणारा. कवटी फुटलेल्यांचं काय कराल? 'डोक्याला मार लागून मेंदूला झालेली इजा' असंच लिहावं लागेल, लांबलं तरी.

पोथीनिष्ठ:
असं सुटं सुटं लिहीत बसलो तर मराठीत परिभाषा कधी होणार? 'पेशी' तरी कुठे उपजत होती? सुश्रुताच्या पाचशे पेशी म्हणजे स्नायू. हिंदीत अजून मांसपेशी म्हणतातच.

मेडिकल_चौक:
अन् नागपुरात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. सीताबर्डीवर कुणालाही विचारा.

पोथीनिष्ठ:
ती फारसी, 'पेश'वरून. हिचा तिच्याशी संबंध नाही.

धंतोलीकर:
'जनकपेशी' ठेवू की 'प्रोजेनिटर पेशी'च लिहू? पत्रक उद्या समितीपुढे जायचं आहे.

पोथीनिष्ठ:
पेशव्यांमधला 'पेश' मात्र हाच.

काटोलवाला:
खुंटाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. जंभेरीवर डिंक्या फार येऊन राहिला. रंगपूर लिंबाच्या खुंटावर कोणी कलमं लावली आहेत का इकडे?