आईच्या फोनमध्ये परक्याचे खाते : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-४०३ (रात्री ९.०५)
सर्व सभासदांना नमस्कार. दिवाळीत आईसाठी घेतलेल्या फोनमध्ये आज एक गंभीर बाब लक्षात आली, म्हणून लिहीत आहे. स्टेशनसमोरच्या दुकानातील मुलाने फोन सुरू करून देताना आईचे गूगल खाते उघडण्याऐवजी स्वतःचेच खाते टाकून दिले आणि गेले चार महिने तिचे संपर्क व नातीच्या बारशाचे फोटो त्याच खात्यात जमा होत आहेत. त्या खात्यावरून तो मुलगा आईचा फोन कोठे आहे हे पाहू शकतो, दूर बसून त्यात ॲप टाकू शकतो आणि फोनमधील सर्व माहिती पुसूही शकतो. त्याच्या मनात तसे काही नसेलही, परंतु ज्या फोनवर आईचे बँकेचे ॲप आहे त्याची किल्ली परक्याच्या खिशात राहणे मला मान्य नाही. आपल्या इमारतीतील बऱ्याच ज्येष्ठांनी त्याच दुकानातून फोन घेतले आहेत. कृपया प्रत्येकाने सेटिंग्जमध्ये ‘खाती’ उघडून तेथील ईमेल पत्ता आपलाच आहे का, हे आजच पाहावे.

बी-३०१ (रात्री ९.११)
उत्तम सूचना. निवृत्त बँक कर्मचारी या नात्याने एवढेच सांगतो की, यूपीआय पिन पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो, पैसे घेताना कधीही लागत नाही. फसवणूक झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर फोन करावा.

सी-२०२ (रात्री ९.१४)
म्हणजे बारशाचे फोटो आम्हाला मिळण्याआधी दुकानदाराने पाहिले तर! पेढे मात्र आम्हालाच आधी मिळाले होते, याचा आनंद आहे.

ए-४०३ (रात्री ९.१५)
दादा, विषय थट्टेचा नाही.

बी-१०४ (रात्री ९.२२)
माझ्याही फोनमध्ये अनोळखी पत्ता दिसतो आहे, त्यामुळे तुम्ही लिहिलेत हे बरे झाले. तरी एक बोलते, राग मानू नये. तुमच्या आई हा फोन घेऊन माझ्याकडे तीनदा आल्या होत्या. घरी विचारले की मुलगा फोन हातातून घेतो, दोन मिनिटांत काहीतरी करतो आणि ‘झाले’ म्हणून परत देतो, त्यामुळे पुढच्या वेळी त्या पुन्हा तेथेच अडतात. दुकानातल्या मुलाने जे केले आणि आपण घरी जे करतो, त्यात मला फार अंतर दिसत नाही.

ए-४०३ (रात्री ९.२९)
काकू, आपण हे मला घरी येऊन सांगितले असते तरी चालले असते. मुद्दा मात्र बरोबर आहे. आता दुरुस्ती कशी करायची, ते कोणी सांगेल का? फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करावा, असे माझ्या मनात आहे.

ए-६०१ (रात्री ९.३४)
दादा, घाईने पुसू नका! आधीचे खाते न काढता फोन बटणे दाबून पुसला, तर पुन्हा सुरू होताना तो जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो आणि मग त्या मुलाशिवाय फोन उघडत नाही. चोरी रोखण्यासाठी केलेली ही सोय अशा वेळी मूळ मालकालाच दाराबाहेर उभे करते. प्रथम संपर्क ॲपमधून सर्व क्रमांक फाइल करून फोनमध्ये साठवावेत, कारण परके खाते काढले की त्यात नोंदलेले क्रमांकही फोनवरून जातात. त्यानंतर केबल लावून फोटो संगणकावर घ्यावेत. फोटोंच्या ॲपमध्ये कधी ‘जागा मोकळी करा’ दाबले असेल, तर मूळ फोटो फोनमध्ये नसून फक्त त्या मुलाच्या खात्यात असतील, हेही पाहावे. मग आईंच्या नावाने व त्यांच्याच मोबाइल क्रमांकावर नवे खाते उघडावे, व्हॉट्सॲपचा बॅकअप त्या खात्याकडे वळवावा आणि सर्वांत शेवटी जुने खाते काढावे. त्याच्या खात्यात गेलेले फोटो यामुळे पुसले जात नाहीत, ते त्याच्यासमोर बसूनच पुसून घ्यावे लागतील.

बी-३०१ (रात्री ९.३६)
पुन्हा नमूद करतो की पैसे घेताना पिन लागत नाही. शिवाय पिन किंवा ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाच्याच माथी राहते, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात म्हटले होते. म्हणून १९३० पाठ असावा.

सचिव (रात्री ९.४१)
चर्चा उपयुक्त आहे. या निमित्ताने सर्व ज्येष्ठांनी गेटचे ॲपही लावून घ्यावे, कारण पाहुण्यांना परवानगी देताना सुरक्षारक्षकांची फार धावपळ होते.

बी-१०४ (रात्री ९.४७)
सचिवसाहेब, आधी गेटचे ॲप आले, मग देखभाल शुल्काचा चेक घेणे बंद झाले, आणि आता आम्ही फोन नीट वापरत नाही हीच तक्रार झाली. ज्याला सक्तीने फोन घ्यावा लागतो, तो दुकानातल्या पोराच्या हाती देणार नाही तर काय करणार?

सचिव (रात्री ९.५२)
आपला आदर राखून सांगतो की चेक बंद केलेला नाही, फक्त ऑनलाइन भरण्यास प्राधान्य दिले आहे. कार्यालयातून कोणी चेक नाकारला असेल, तर मी उद्याच त्यांच्याशी बोलतो. ज्यांना ॲप नको असेल त्यांना पूर्वीप्रमाणे इंटरकॉमवर विचारले जाईल.

सी-२०२ (रात्री ९.५८)
थट्टेबद्दल क्षमस्व. एक उपयोगाचे सांगतो. मागील महिन्यात याच ग्रुपवर लग्नपत्रिका म्हणून जी फाइल आली होती, तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असे होते. ती पत्रिका नसून ॲप होते आणि ते उघडणाऱ्याचे संदेश व ओटीपी परक्याला दिसू शकतात. गॅस तोडण्याच्या आणि वाहनाच्या दंडाच्या नावानेही अशाच फाइली येतात. प्ले स्टोअरबाहेरून काहीही टाकू नये. तसेच सिमलाही पिन लावावा, म्हणजे चोराने सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकले तरी ओटीपी मिळत नाही.

ए-६०१ (रात्री १०.०३)
सिमचा पिन चांगला, परंतु तो तीनदा चुकला की सिम बंद पडते आणि कंपनीकडून ते उघडणारा पीयूके क्रमांक घ्यावा लागतो, म्हणून ज्येष्ठांच्या फोनवर तो अंदाजाने लावू नये. स्क्रीनला मात्र सहा अंकी कुलूप हवेच, आणि ते जन्मसाल नसावे. व्हॉट्सॲपची दुहेरी पडताळणीही, म्हणजे त्याचा वेगळा पिन, आजच चालू करावी. *#०६# दाबल्यावर दिसणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बिलासोबत लिहून ठेवावा. लोकलमध्ये फोन गेला, तर पोलिसांत तक्रार करून त्याच क्रमांकावरून तो ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर बंद करता येतो.

बी-३०१ (रात्री १०.०६)
आणि पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ केल्याचे सांगतात व पैसे मागतात, तशी कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. असा व्हिडिओ कॉल आला की तो बंद करावा आणि १९३०.

ए-४०३ (रात्री १०.१२)
काका, १९३० हा क्रमांक आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतला आहे, आपण निश्चिंत असावे. रविवारी सकाळी अकराला मी दुकानात जाऊन त्या मुलाला सोबत घेऊन येतो. तोही वाईट नाही, गर्दीच्या वेळी त्याला तेच सोपे वाटले असावे. ज्यांच्या फोनमध्ये त्याचा पत्ता आहे, त्यांनी सोसायटी कार्यालयात यावे.

ए-६०१ (रात्री १०.१६)
मी येते, पण मी कोणाच्याही फोनला हात लावणार नाही. ज्येष्ठांनी स्वतःच्या बोटाने करायचे आणि मी शेजारी बसून सांगायचे, मग एका फोनला तास लागला तरी चालेल. अक्षर मोठे आणि भाषा मराठी करून घेऊ, म्हणजे पडद्यावर काय विचारले आहे ते त्यांना स्वतः वाचता येईल.

बी-१०४ (रात्री १०.२०)
तुमच्या आईंना घेऊन मी खाली येते. पासवर्ड लिहायला शंभर पानी वही आणते. ती घरातच कपाटात राहील, पर्समध्ये नाही. तुम्ही केबल विसरू नका.