आईच्या डब्यात अकरा प्रकारच्या गोळ्या, काय करू?

वडगावचा_मागवाला
आमचं घर बेळगावच्या वडगावात, खाली माग, वर आम्ही. आई 68 वर्षांची. काल माळा आवरताना तिचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडला. अकरा प्रकारच्या गोळ्या! तिला एकीचंही नाव ठाऊक नाही. "पांढरी सकाळची, गुलाबी रात्रीची, ही गुडघ्याची." झालं.

रात्री नावं वाचत बसलो. शहापूरच्या डॉक्टरांनी बीपीला अम्लोडिपिन 5 दिलेली. पुढं गुडघ्यासाठी मिरजेला नेलं, तिथं बीपी जास्त निघाला म्हणून टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन एकत्र असलेली दिली. जुनी बंद करायची हे तिला कुणी सांगितलं नाही, का सांगितलं आणि ती विसरली, देव जाणे. दोन्ही चालू. मग "पाय सुजल्यात बघ" म्हणून तिसरीकडून लघवीची गोळी. आता रात्री तीनदा उठते. वर गुडघा ठणकला की कोपऱ्यावरच्या मेडिकलातून "दुखण्याची द्या" म्हणून आणते, चिठ्ठी न दाखवता.

यातलं मी काय बंद करू? तुमच्याकडंही असंच आहे का?

काउंटरमागचा_माणूस
तुम्ही काहीच बंद करू नका. सगळी पाकिटं, दुखण्याच्यासकट, पिशवीत घाला आणि एकाच डॉक्टरपुढं ओता. अम्लोडिपिननं घोट्याला सूज येते, डोस वाढला की जास्त. ती सूज लघवीच्या गोळीनं फारशी उतरत नाही, म्हणून आधी डबल डोसचं विचारा. दुखण्याच्या पाकिटावर डायक्लोफिनॅक किंवा असेक्लोफिनॅक असं नाव असेल तर थांबू नका, उद्याच जा. टेल्मिसार्टन, लघवीची आणि दुखण्याची, तिन्ही एकदम म्हणजे किडनीवर ताण. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते त्यावरून कळतं), सोडियम, पोटॅशियम तपासायला सांगतील.

चिठ्ठीचं म्हणाल तर आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. संध्याकाळी सातला गर्दी, माणूस रिकामं पाकीट नाचवत "हीच द्या" म्हणतो, आम्ही देतो.

खानापूरची_सून
अगदी आमच्या मामंजींची गोष्ट! दहा दिवसांसाठी दिलेली गॅसची पँटोप्राझोल सहा वर्षं चालली. साखरेची मेटफॉर्मिनही चालू. मुंग्या यायला लागल्या म्हणून तपासलं तर बी-12 जीवनसत्त्व तळाला. दोन्ही गोळ्या बरीच वर्षं घेतल्या की ते कमी होऊ शकतं, हे तेव्हा कळलं. मामंजींना मराठी वाचता येतं, कन्नडही येतं, पण पाकिटावर सगळं इंग्रजी. आता मी प्रत्येकावर चिकटपट्टी लावून मराठीत लिहिते, कशाची आणि कधीपर्यंत. ते "कधीपर्यंत" डॉक्टरांकडून वदवून घ्या, आपणहून कुणी सांगत नाही.

अनगोळकर
सगळं फेकून द्या आणि मेथी भिजवून द्या. आमची आजी 90 वर्षं जगली.

वडगावचा_मागवाला
अनगोळकर, आजीला नमस्कार, पण आईचा बीपी 170 ला गेलेला मी बघितलाय.

बाकीच्यांचे आभार. पिशवी घेऊन गेलो. डॉक्टरांनी जुनी अम्लोडिपिन काढली, दुखण्याची बंद, गुडघ्याला साधी पॅरासिटामॉल, तीही मोजून. रक्त दिलंय. लघवीची तूर्त थांबवून आठ दिवसांनी पाय दाखवायला बोलावलंय.

आई मात्र फुगून बसली, "एवढ्या पैशाच्या गोळ्या वाया?" आज दुपारी कळलं, वाया गेल्याच नाहीत. शेजारच्या काकूंचेही पाय सुजतात म्हणून लघवीचं अख्खं पाकीट तिकडं पोचवलंय. निघालोय परत आणायला.