व्होल्कॅनो बे: लाटा कशा उठणार आणि होडी चढ कसा चढणार?

टॅम्पाकर (एप्रिल २०१७)

येत्या २५ मे रोजी ऑर्लँडोमध्ये युनिव्हर्सलचा व्होल्कॅनो बे हा वॉटर पार्क सुरू होत आहे. युनिव्हर्सलचा जुना वॉटर पार्क वेट 'न वाइल्ड ३१ डिसेंबरला बंद झाल्यापासून आमच्या घरी याच दिवसाची वाट पाहिली जात आहे. लाटांच्या तलावाशी माझी ओळख लहानपणी पाहिलेल्या गोराईच्या वॉटर किंगडमपुरतीच असल्यामुळे दोन शंका विचारतो. पार्कमधल्या कृत्रिम ज्वालामुखीच्या पायथ्याशी होणाऱ्या वातुरी बीच या लाटांच्या तलावात लाटा कोणत्या पद्धतीने उठवल्या जातील? आणि क्राकाटाऊ या स्लाइडमध्ये चौघांना घेऊन होडी चढावर जाते, ती विद्युतचुंबकाच्या जोरावर, असे जाहीर झाले आहे. हे नेमके कसे घडते? पाणी आणि वीज एकत्र म्हटल्यावर सासूबाईंनी आधीच नकारघंटा वाजवली आहे.

झडप_आणि_पंखा

वातुरीच्या लाटांची यंत्रणा पहिल्या पाच मिनिटांत ओळखता येईल. बहुतेक तलावांत खोल बाजूच्या भिंतीमागे काँक्रीटचे कप्पे असतात आणि ते तळाशी तलावाला जोडलेले असतात. मोठे पंखे कप्प्यांत हवा कोंबतात, तिच्या दाबाने आतले पाणी खाली जाऊन तलावात ढकलले जाते आणि झडप उघडून हवा सोडली की ते परत आत येते. हा झोका ठरावीक तालात चालू ठेवला की लाटांची सलग रांग मिळते. सगळे कप्पे एकदम चालवले तर लाटा सरळ येतात, आलटूनपालटून चालवले तर त्या तिरप्या येऊन एकमेकींना छेदतात. दुसरी पद्धत तुमच्या जवळच, डिस्नेच्या टायफून लगूनमध्ये १९८९ पासून आहे: तेथे पाणी टाक्यांत उंच चढवून एकदम सोडतात, त्यामुळे सुमारे सहा फुटांची एकच लाट अंगावर येते आणि पुढच्या लाटेसाठी टाक्या पुन्हा भरेपर्यंत थांबावे लागते.

लाट फुटते कोठे, हे मात्र तळाच्या उतारावर ठरते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट कोसळते. सासूबाईंना त्या जागेपासून किनाऱ्याच्या बाजूला दोन-चार पावले उभे करावे, म्हणजे त्यांच्यापर्यंत फक्त फेस पोहोचेल.

तांब्याची_तार

होडीविषयी सांगतो. नेहमीची फिरती मोटर उभी चिरून सपाट पसरली तर जे होईल, ती ही रेषीय प्रेरण मोटर. चढाच्या तळाखाली तिची तारेची वेटोळी जलरोधक आवरणात बंद असतात. होडीत ना तार असते ना वीज, फक्त बुडाशी धातूचा पत्रा असतो. वेटोळ्यांतून पुढे सरकणारे चुंबकीय क्षेत्र त्या पत्र्यात भोवरा-प्रवाह, म्हणजे धातूतच गोल फिरणारे विजेचे प्रवाह, निर्माण करते आणि पत्रा क्षेत्रामागे ओढला जातो. पाण्याचा पातळ थर केवळ घर्षण कमी करण्यासाठी असतो. जुन्या पद्धतीत होडीला मागून पाण्याचे जोरदार फवारे मारून चढवत, आणि त्यासाठी पंपांवर मोठा भार पडे. नकारघंटा थांबवायला एवढे पुरेसे व्हावे!

इंडियानावासी

तत्त्व बरोबर आहे, पण हे नवे आहे असे समजू नका. आमच्याकडे इंडियानात हॉलिडे वर्ल्ड या मनोरंजन उद्यानामध्ये वाइल्डबीस्ट ही १,७१० फुटांची स्लाइड २०१० पासून याच मोटरांवर चालते, आणि चढाच्या टोकाला पोटात येणारा गोळा खाली कोसळतानाच्या गोळ्यापेक्षा मला जास्त आवडतो. व्होल्कॅनो बेमध्ये मला खरे कुतूहल आहे ते टापूटापू या मनगटपट्टीचे. रांगेत उभे न राहता पट्टी टेकवायची आणि आपली पाळी आली की ती कळवणार, अशी योजना आहे. मात्र स्लाइडवर तासाला जेवढी माणसे सुटतात तेवढीच सुटणार, त्यामुळे गर्दीच्या दिवशी वाट पाहणे टळणार नाही. ती फक्त उन्हातल्या जिन्याऐवजी तलावात पाहायची.

टॅम्पाकर

सर्वांचे आभार. पत्र्याचा खुलासा सासूबाईंना वाचून दाखवला. होडीला त्यांनी परवानगी दिली आहे, स्वतः मात्र फेसाच्या बाजूलाच उभ्या राहणार आहेत. पहिल्याच आठवड्यात जात आहोत, लाटांची रांग होती की एकच मोठी लाट होती ते येथेच कळवतो.