मदत हवी आहे: वर्कर्स कॉम्पच्या रुग्णाने बोलता बोलता सांगितलेली गोष्ट अहवालात लिहावी का?

नमस्कार.

मी नॉर्थ कॅरोलिनामध्ये राहते. अस्थिशल्य विभागात अकरा वर्षे नर्स म्हणून काम केल्यावर गेल्या वर्षी मी वॉर्ड सोडला आणि कामावर जखमी झालेल्या कामगारांसाठी फील्ड केस मॅनेजर म्हणून रुजू झाले. रात्रपाळी सुटली, हे खरे. मात्र वॉर्डात असताना 'मी नेमकी कोणाच्या बाजूची?' हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो आता आठवड्यातून दोनदा पडतो, आणि या वेळी तर त्याचे उत्तर शुक्रवारच्या आत लेखी द्यायचे आहे. या क्षेत्रात काम केलेल्या किंवा स्वतः कामगार म्हणून यातून गेलेल्या सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वर्कर्स कॉम्प म्हणजे कामावर जखमी झालेल्या कामगाराला उपचार आणि भरपाई देणारा कायदा. अमेरिकेत तो प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. आमच्या राज्यात कामावर जखमी झालेल्या कामगाराच्या उपचाराचा खर्च मालकाची विमा कंपनी करते, डॉक्टर कोणता हेही सहसा तीच ठरवते, आणि कामावर जाता येत नाही तोवर कामगाराला सरासरी साप्ताहिक पगाराच्या दोन तृतीयांश रक्कम मिळते. पहिल्या 7 दिवसांचे पैसे मिळत नाहीत. काम 21 दिवसांहून अधिक बुडाले तरच तेही मिळतात. दावा विमा कंपनीचा अ‍ॅडजस्टर हाताळतो आणि दुखापत गुंतागुंतीची असेल तर आमच्यासारख्या नर्सची नेमणूक करतो. मी रुग्णाबरोबर डॉक्टरांकडे जाते, फिजिओथेरपीची मंजुरी अडकली असेल तर ती सोडवते, किती वजन उचलायचे आणि हात खांद्याच्या वर न्यायचा की नाही हे डॉक्टरांकडून लेखी घेते, त्या मर्यादेत बसेल असे हलके काम मालकाकडे आहे का ते पाहते आणि प्रत्येक भेटीनंतर अहवाल लिहिते. आता आणखी सुधारणा होणार नाही असे सांगून डॉक्टर कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी देईपर्यंत हे चालू राहते. माझ्या तासांचे आणि मैलांचे बिल विमा कंपनीकडे जाते. रुग्णाला मात्र मी फक्त 'नर्स' दिसते, आणि अडचणीची सुरुवात तिथेच होते.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. पन्नाशीचे एक गृहस्थ गोदामात काम करतात. वरून घसरलेले खोके सावरताना त्यांच्या उजव्या खांद्याचे स्नायुबंध फाटले आणि शस्त्रक्रिया झाली. चार महिने झाले तरी हात खांद्याच्या उंचीपलीकडे जात नाही, म्हणून दुसऱ्या शल्यविशारदांचे मत घ्यायला आम्ही गेलो होतो. बाहेर बसून ते डाव्या हाताने फॉर्म भरत होते. अक्षर नीट येईना, तेव्हा क्लिपबोर्ड मी घेतला आणि ते सांगतील तसे लिहू लागले. 'या खांद्याचा पूर्वी त्रास होता का?' या रकान्याशी आल्यावर ते थांबले, दाराकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "दोन वर्षे दुखत होता. रात्री गोळी घेऊन झोपायचो. पण तुम्ही 'नाही' लिहा." मला 'नाही' लिहवेना आणि 'हो' लिहिण्याचा मला अधिकार नव्हता. हा रकाना तुमचा तुम्हीच भरा, आणि जे आहे ते डॉक्टरांना सांगा, त्याचा उपचारालाच उपयोग होईल, असे म्हणून मी क्लिपबोर्ड परत दिला. त्यांनी रकाना कोराच ठेवला. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही.

दुसऱ्याच दिवशी अ‍ॅडजस्टरचा मेल आला: रुग्णाने जुन्या दुखण्याबद्दल काही सांगितले आहे का, ते अहवालात स्पष्ट नमूद करावे. आधीचे दुखणे कामावरच्या अपघाताने बळावले असेल तरी भरपाई मिळू शकते, एवढे मला माहीत आहे. पण त्या एका वाक्यावरून दावा महिनोन्महिने लोंबकळू शकतो आणि त्या घरात दुसरा पगार नाही, हेही मला माहीत आहे.

माझे प्रश्न असे. हे वाक्य मी अहवालात लिहावे का? न लिहिल्यास ती लपवाछपवी ठरेल का? आणि पहिल्या भेटीत स्वतःची ओळख कशी करून द्यावी, म्हणजे समोरचा माणूस मला वॉर्डातली नर्स समजून मन मोकळे करणार नाही, आणि तरीही माझ्याशी बोलायचेच बंद करणार नाही?

प्रतिसाद १

मी याच राज्यात बारा वर्षे हे काम केले आहे. तुमच्या तीन प्रश्नांपैकी सर्वांत महत्त्वाचा तिसरा आहे आणि तो तुम्ही शेवटी विचारला आहे.

आमच्या इंडस्ट्रियल कमिशनचे, म्हणजे असे दावे पाहणाऱ्या राज्याच्या संस्थेचे, पुनर्वसन व्यावसायिकांसाठी (यात आपण केस मॅनेजरही आलो) स्वतंत्र नियम आहेत. दाव्याच्या तपासात कोणत्याही पक्षाला मदत करणे त्या नियमांनी आपल्याला मना आहे. जुने दुखणे होते का, हे अ‍ॅडजस्टरला जाणून घ्यायचे असेल तर ते विचारण्याचे त्याचे स्वतःचे मार्ग आहेत. त्यामुळे त्या मेलला 'हा प्रश्न माझ्या कामाच्या कक्षेत येत नाही' असे सभ्य शब्दांत उत्तर द्या आणि तुमच्या वरिष्ठांना त्याची प्रत पाठवा. तोंडी उत्तर मात्र देऊ नका.

आता त्या वाक्याविषयी. वैद्यकीयदृष्ट्या ती माहिती महत्त्वाची आहे, कारण जुना, झिजलेला स्नायुबंध आणि नुकताच फाटलेला स्नायुबंध यांचे भवितव्य सारखे नसते, आणि दुसरे मत देणाऱ्या डॉक्टरांपुढे अर्धाच इतिहास आहे. म्हणून ती डॉक्टरांपर्यंत पोहोचली पाहिजे, शक्यतो रुग्णाच्या तोंडून. त्यांना फोन करा आणि हे पुन्हा एकदा स्पष्ट सांगा. अहवालात लिहायची वेळ आलीच तर कोण, कधी, काय म्हणाले एवढेच त्यांच्या शब्दांत लिहा. 'माहिती दडवली' असला शेरा मारू नका. प्रत्येक वाक्य कामगाराचा वकीलही वाचणार आहे असे समजून लिहिले की बरीच विशेषणे आपोआप गळतात.

ओळखीबद्दल: माझी पहिली चार वाक्ये ठरलेली असत. मी नर्स आहे, पण तुमच्यावर उपचार करणारी नाही. माझे पैसे विमा कंपनी देते. तुम्ही मला जे सांगाल ते अहवालात येऊ शकते. डॉक्टरांनी तुम्हाला एकट्याने तपासावे असे वाटत असेल तर तसे सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे, मी बाहेर थांबेन. पहिल्या वेळी हे बोलताना जीभ अडखळते. माझा अनुभव असा, की यानंतर लोक कमी बोलतात, पण जे बोलतात त्याचा पुढे त्यांना पश्चात्ताप होत नाही.

प्रतिसाद २

मी रुग्णाच्या बाजूने लिहितो. कामावर शिडीवरून पडून माझा घोटा मोडला तेव्हा एक केस मॅनेजर प्रत्येक तपासणीला खोलीत बसत असत. त्या डॉक्टरांच्या कार्यालयातल्याच आहेत असे मी दोन महिने धरून चाललो होतो. बाईंनी माझे नुकसान काही केले नाही. उलट फिजिओथेरपीच्या जादा भेटी त्यांच्यामुळेच मंजूर झाल्या. पण त्या कोणाकडून आल्या आहेत हे मला वकिलाकडून कळले, आणि तेव्हा फार शरमल्यासारखे झाले. विमा कंपनीला वैद्यकीय कागद देण्याबाबत गोपनीयतेच्या कायद्यात वर्कर्स कॉम्पसाठी सवलत आहे, हेही तेव्हाच समजले. वर दिलेली चार वाक्ये मला कोणीतरी म्हणून दाखवायला हवी होती.

मूळ लेखिकेचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल रुग्णाला फोन केला. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "पण हे तर मी पहिल्याच दिवशी सांगितले होते." हा दावा माझ्याकडे तिसऱ्या महिन्यात आला. तेव्हा मी शस्त्रक्रियेच्या टिपणापासून पुढचेच कागद नीट वाचले होते, हे कबूल करायला हवे. रात्री अख्खी फाईल पुन्हा काढली. अपघाताच्या दिवशी तातडीच्या दवाखान्यात लिहिलेल्या नोंदीत, रक्तदाबाच्या आकड्यांखाली, एकच ओळ आहे: खांदा पूर्वी अधूनमधून दुखत असे, गोळ्या घेत होते. तो कागद चार महिने विमा कंपनीकडे पडून आहे. नवीन शल्यविशारदांना पाठवलेल्या कागदांत मात्र तो नव्हता, आणि ते कागद मीच निवडले होते.

आज ती नोंद त्यांच्या कार्यालयात पोहोचवली आणि रुग्णाला तसे कळवले. अहवालात एवढेच लिहिले, की पूर्वीच्या वैद्यकीय नोंदी अपूर्ण गेल्या होत्या, त्या आता पूर्ण पाठवल्या आहेत. अ‍ॅडजस्टरच्या मेलला प्रतिसाद १ मध्ये सुचवलेले उत्तर दिले असून वरिष्ठांना प्रत पाठवली आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.

सोमवारी एका नव्या रुग्णाला भेटायचे आहे. त्यांच्यासोबत स्पॅनिश दुभाषी असेल, म्हणून ती चार वाक्ये आणखी सोपी करून लिहून ठेवते आहे. 'उपचार करणारी नाही' हे सांगताना ते तुटक वाटू नये यासाठी कोणाकडे चांगला शब्दप्रयोग असेल तर जरूर सुचवावा.