मदत हवी आहे: नववीच्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिका अवघड होती का, हे कसे ठरवावे?

पायवाट (सोमवार, रात्री 10.35)

नमस्कार. मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या पहिल्या घटक चाचणीत माझ्या 'ब' तुकडीची सरासरी 8.4 आली आणि 'अ' तुकडीची 12.6. प्रश्नपत्रिका मी काढली होती, त्यामुळे पेपर फार अवघड काढल्याचा ठपका माझ्यावर आला आहे आणि शुक्रवारी मुख्याध्यापकांना लेखी खुलासा द्यायचा आहे. पेपर अवघड होता की नव्हता, हे आकड्यांनी दाखवण्याची पद्धत मला हवी आहे. बी.एड.ला काठिण्यमूल्य (प्रश्न किती जणांना आला, याचे प्रमाण) शिकले होते, पण ती टिपणे आता सापडत नाहीत. मुलांना समजून घ्यावे, अभ्यास कसा करून घ्यावा, असे सल्ले कृपया नकोत. माझ्या हातात चारच दिवस आहेत.

खडूफळा (सोमवार, रात्री 11.02)

ताई, विज्ञान शिकवूनच मी निवृत्त झालो, त्यामुळे तुमची अडचण कळते. पण तुम्ही दिलेल्या माहितीवर काहीच सांगता येणार नाही. चाचणी किती गुणांची होती? दोन्ही तुकड्यांचा पट किती? दोन्हीकडे प्रश्नपत्रिका एकच होती का? 'अ' तुकडीचे पेपर कोणी तपासले, आणि तपासण्याआधी गुणदानासह उत्तरसूची लिहून काढली होती का? प्रश्नपत्रिका एकच असेल, तर तिचा अवघडपणा दोन्ही तुकड्यांना सारखाच भोवला असणार. मग 4.2 गुणांचा फरक अवघडपणाने पडला, असे म्हणता येणार नाही. त्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

मिश्रगणित (मंगळवार, सकाळी 6.50)

माझ्या मते हा सगळा त्रास वर्णनात्मक प्रश्नांमुळे होतो. आमच्या शाळेत गेली तीन वर्षे सर्व घटक चाचण्या पूर्णपणे बहुपर्यायी असतात. मुले उत्तरपत्रिकेवर गोल रंगवतात, आम्ही मोबाइलवर ती स्कॅन करतो आणि प्रत्येक प्रश्न किती मुलांना आला, हे त्याच दिवशी समोर येते. तपासणाऱ्याच्या मनाचा प्रश्नच उरत नाही. पुढच्या चाचणीपासून तुम्हीही हीच पद्धत घ्यावी.

तळटीप (मंगळवार, सकाळी 7.25)

मिश्रगणित यांच्याशी मी सहमत नाही. दहावीला विज्ञानाच्या 40 गुणांच्या दोन लेखी प्रश्नपत्रिका असतात आणि त्यांतले बहुतेक गुण लिहून मिळवायचे असतात. शास्त्रीय कारण दोन वाक्यांत नीट मांडता येणे ही स्वतंत्र क्षमता आहे, आणि गोल रंगवून ती मोजता येत नाही. तपासणाऱ्यांच्या गुणदानात फरक पडतो हे मान्य, पण त्यावर उपाय गुणदान योजना लिहून ठेवण्याचा आहे. लिहिणेच काढून टाकणे हा उपाय मला पटत नाही.

पायवाट (मंगळवार, दुपारी 2.10)

मोकळ्या तासाला लिहीत आहे. चाचणी 20 गुणांची आणि एक तासाची होती. 'अ' चा पट 61, 'ब' चा 57. प्रश्नपत्रिका एकच होती, ते मी गृहीतच धरले होते. पाच बहुपर्यायी प्रश्न प्रत्येकी 1 गुणाचे, तीनपैकी दोन शास्त्रीय कारणे प्रत्येकी 2 गुणांची, तीनपैकी दोन उदाहरणे प्रत्येकी 3 गुणांची आणि 5 गुणांचा एक सविस्तर प्रश्न. 'अ' चे पेपर माझ्या सहकाऱ्यांनी तपासले. बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरे मी त्यांना लिहून दिली होती, बाकीची उत्तरे पाठ्यपुस्तकात आहेतच. आता कृपया पद्धत सांगावी.

सप्तर्षी (मंगळवार, सायंकाळी 5.40)

मी अध्यापक महाविद्यालयात मूल्यमापन हा विषय शिकवते. पद्धत सोपी आहे. सर्व 118 पेपर एकूण गुणांनुसार उतरत्या क्रमाने लावा, वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के वेगळे काढा. हे प्रमाण मापनतज्ज्ञ केली यांनी 1939 मध्ये सुचवले. दोन्ही गट एकमेकांपासून पुरेसे लांब असावेत आणि तरी फार लहान नसावेत, या दोन गरजांचा मेळ तेथे बसतो. तुमच्याकडे प्रत्येक गटात 32 पेपर येतील. मग प्रत्येक प्रश्नासाठी वरच्या गटातील किती जणांचे उत्तर बरोबर आहे आणि खालच्या गटातील किती जणांचे, हे मोजा. दोन्हींची बेरीज भागिले 64 म्हणजे काठिण्यमूल्य. हे 0.90 च्या वर गेले तर प्रश्न जवळजवळ सर्वांना आला, 0.20 च्या खाली गेले तर फारच थोड्यांना. दोन्हींची वजाबाकी भागिले 32 म्हणजे भेदनक्षमता, म्हणजे विषय येणारी आणि न येणारी मुले तो प्रश्न किती वेगळी करतो. मापनतज्ज्ञ एबेल यांच्या निकषानुसार ती 0.40 किंवा अधिक असेल तर प्रश्न उत्तम समजतात आणि 0.20 च्या खाली असेल तर तो बदलावा असे मानतात.

उणे भेदनक्षमता आली, तर त्या प्रश्नाकडे सर्वांत आधी पाहा. ज्यांना विषय येतो तेच तेथे चुकले आहेत, असा तिचा अर्थ होतो.

खडूफळा (मंगळवार, सायंकाळी 6.15)

मॅडम, पद्धत बरोबर आहे, पण येथे ती अशीच लावली तर घोटाळा होईल. पेपर दोन हातांनी तपासले आहेत. 'अ' मध्ये सढळ गुण दिले गेले असतील, तर वरच्या 32 पेपरांत बहुतेक 'अ' ची मुले येतील आणि खालच्या 32 मध्ये 'ब' ची. मग तुम्ही हुशार आणि कच्च्या मुलांची तुलना करत आहात असे वाटेल, पण प्रत्यक्षात तुलना दोन शिक्षकांची झालेली असेल.

सप्तर्षी (मंगळवार, सायंकाळी 6.50)

तुमची हरकत योग्य आहे. प्रत्येक तुकडीतून स्वतंत्रपणे वरचे 16 आणि खालचे 16 घ्यावेत, म्हणजे गट 32 चेच राहतील. आणखी एक. जिथे 'कोणतेही दोन' असा विकल्प आहे, त्या प्रश्नांचे काठिण्यमूल्य या पद्धतीने काढू नका. प्रत्येक मुलाने वेगळी जोडी निवडली असल्याने एका अर्थी प्रत्येकाने वेगळी प्रश्नपत्रिका सोडवली आहे. विकल्प मुलांच्या सोयीसाठी आपण देतो, पण गुणांची तुलना त्याने लंगडी होते. हे मी प्रत्येक वर्षी सांगते आणि तरीही पाठ-सरावाच्या प्रश्नपत्रिकांत विकल्प येतातच.

कोरी पाटी (मंगळवार, रात्री 9.20)

मी शिक्षिका नाही, पालक आहे. नववीच्या विज्ञानासाठी कोणते गाइड चांगले, असे आधी विचारणार होते, पण धागा वाचून वेगळेच लिहावेसे वाटले. माझी मुलगी 2021 मध्ये दहावीत होती. त्या वर्षी मंडळाची परीक्षा रद्द झाली आणि प्रत्येक विषयाच्या 100 गुणांपैकी 50 गुण नववीच्या अंतिम निकालावरून, 30 दहावीच्या शाळेतील लेखी मूल्यमापनावरून आणि 20 गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिकावरून दिले गेले. राज्याचा निकाल 99.95 टक्के लागला. नववीत शाळेतल्याच शिक्षकांनी काढलेली आणि तपासलेली प्रश्नपत्रिका तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेत जाऊन बसेल, असे तेव्हा आमच्या मनातही नव्हते. त्यामुळे घटक चाचणी छोटी असते, असे कोणी म्हटले की मला ते पटत नाही.

तळटीप (मंगळवार, रात्री 9.55)

याच्या उलट बाजूचेही उदाहरण आहे. 2019 च्या दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांतील शाळेकडचे 20 गुण नव्हते. 2018 चा 89.41 टक्के निकाल त्या वर्षी 77.10 वर आला. गुण परत सुरू झाल्यावर 2020 मध्ये तो 95.30 झाला. तिन्ही वर्षांत इतरही कारणे होती. 2019 ला अभ्यासक्रम नवा होता आणि 2020 ला भूगोलाचा पेपर झालाच नव्हता. तरीही शिक्षकाच्या हातातील गुण किती जपून द्यावे लागतात, हे त्या आकड्यांवरून मला कळले.

मिश्रगणित (मंगळवार, रात्री 10.10)

म्हणूनच मी वस्तुनिष्ठ प्रश्न म्हणतो.

खडूफळा (मंगळवार, रात्री 10.30)

वस्तुनिष्ठ प्रश्नही चुकीचा काढता येतो. ताईंचे आकडे येऊ द्या, मग बोलू.

पायवाट (बुधवार, रात्री 11.40)

शाळा सुटल्यावर तीन तास बसून मोजले. आधी वरच्या गटातील बरोबर उत्तरे, नंतर खालच्या गटातील.

प्रश्न 1: 31 आणि 28. काठिण्यमूल्य 0.92, भेदनक्षमता 0.09.
प्रश्न 2: 26 आणि 13. काठिण्यमूल्य 0.61, भेदनक्षमता 0.41.
प्रश्न 3: 7 आणि 14. काठिण्यमूल्य 0.33, भेदनक्षमता उणे 0.22.
प्रश्न 4: 24 आणि 8. काठिण्यमूल्य 0.50, भेदनक्षमता 0.50.
प्रश्न 5: 12 आणि 10. काठिण्यमूल्य 0.34, भेदनक्षमता 0.06.

तिसरा प्रश्न उणे आला आहे. माझे गणित चुकले का?

सप्तर्षी (गुरुवार, सकाळी 6.30)

गणित बरोबर आहे. तिसरा प्रश्न आणि त्याचे पर्याय शब्दशः येथे लिहा, आणि वरच्या 32 मुलांपैकी किती जणांनी कोणता पर्याय निवडला, तेही सांगा.

पायवाट (गुरुवार, सकाळी 7.45)

प्रश्न असा होता: "10 किग्रॅ वस्तुमानाची पिशवी 5 मी उंचीवर नेली. या क्रियेत गुरुत्वीय बलाने केलेले कार्य किती?" पर्याय: (अ) 490 ज्यूल, (आ) –490 ज्यूल, (इ) 50 ज्यूल, (ई) शून्य. उत्तरसूचीत (अ) आहे. वरच्या 32 पैकी 21 जणांनी (आ) लिहिले.

हे टंकत असतानाच माझ्या लक्षात आले. पिशवी वर जाते आणि गुरुत्वीय बल खाली आहे, म्हणून कार्य ऋण. उत्तर (आ) आहे. जुन्या प्रश्नपत्रिकेत "पिशवी नेणाऱ्याने केलेले कार्य" असे होते. मी शब्द बदलून "गुरुत्वीय बलाने" असे केले, आणि उत्तर मात्र जुनेच राहू दिले. बरोबर लिहिणाऱ्या मुलांच्या उत्तरावर मी फुली मारली आहे. त्यांतील एक मुलगी पेपर मिळाल्यावर टेबलाजवळ येऊन उभी राहिली होती. मी तिला पुस्तक पुन्हा वाचायला सांगितले आणि ती काही न बोलता जागेवर गेली.

खडूफळा (गुरुवार, सकाळी 8.05)

ताई, माझ्याकडूनही अशी चूक झालेली आहे. आज पहिल्या तासाला त्या मुलीला वर्गासमोर सांगा की तिचे उत्तर बरोबर होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एका गुणाने 4.2 चा फरक भरत नाही. दोन कामे करा. 'ब' मधले कोणतेही दहा पेपर घ्या, दिलेले गुण झाकून ते सहकाऱ्यांकडून पुन्हा तपासून घ्या. आणि संविधान तक्ता काढा, म्हणजे कोणत्या पाठाला किती गुण गेले ते दिसेल.

पायवाट (गुरुवार, रात्री 9.30)

दोन्ही केले. दहा पेपरांवर सहकाऱ्यांचे गुण माझ्यापेक्षा एकूण 29 ने जास्त भरले, म्हणजे पेपरमागे 2.9. बस अचानक सुरू झाल्यावर उभे प्रवासी मागे का जातात, या कारणाला एका मुलाने फक्त "जडत्वामुळे" एवढेच लिहिले होते. त्याला मी अर्धा गुण दिला होता, सहकाऱ्यांनी दोन. बसमधला पाय बसबरोबर पुढे जातो आणि वरचे शरीर आहे त्याच स्थितीत राहू पाहते, असे लिहिल्याशिवाय पूर्ण गुण नाहीत, हे माझ्या डोक्यात होते. कागदावर ते कोठेच नव्हते.

संविधान तक्ता मी आधी केलाच नव्हता. विकल्पांसह प्रश्नांचे एकूण गुण 25 होतात. त्यांपैकी 'कार्य आणि ऊर्जा' 14, 'गतीचे नियम' 8 आणि 'धाराविद्युत' फक्त 3. त्यांतले 2 गुणांचे कारण विकल्पात सोडता येते, म्हणून धाराविद्युत अजिबात न वाचलेल्या मुलाचाही एकच गुण बुडतो. आणि एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती, कारण तिचा याच्याशी संबंध असेल असे वाटले नाही. मी आठ दिवस प्रशिक्षणाला गेले होते, त्यामुळे 'ब' मध्ये 'कार्य आणि ऊर्जा' हा पाठ चाचणीच्या आदल्या दिवशी संपला. 'अ' मध्ये तो तीन आठवडे आधी झाला होता आणि त्यावर सराव घेतला गेला होता.

सप्तर्षी (गुरुवार, रात्री 10.05)

मग खुलासा तयार आहे. अवघडपणा हा शब्द त्यात घालू नका. 4.2 पैकी सुमारे 2.9 गुणांचा फरक गुणदानातला आहे, आणि उरलेल्याचे संभाव्य कारण असे की प्रश्नपत्रिकेचा निम्म्याहून जास्त भार एका तुकडीला नीट न शिकवलेल्या पाठावर होता. दहाच पेपरांवरून काढलेला आकडा अंदाजे आहे, हेही लिहा.

तळटीप (गुरुवार, रात्री 10.20)

तिसऱ्या प्रश्नाचा गुण सर्वांनाच द्यावा, असे माझे मत आहे. ज्यांनी (अ) लिहिले त्यांना एकदा मिळालेला गुण काढून घेणे बरे दिसत नाही, आणि चूक त्यांची नव्हती.

खडूफळा (गुरुवार, रात्री 10.35)

हे मला मान्य नाही. चुकीच्या उत्तराला गुण राहिला तर मुले तेच उत्तर खरे धरून चालतील. प्रश्न स्पष्ट होता, फक्त सूची चुकली होती. सूची दुरुस्त करून दोन्ही तुकड्यांचे पेपर पुन्हा तपासावेत.

पायवाट (शुक्रवार, सायंकाळी 6.15)

खुलासा दिला. मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला आणि सत्र परीक्षेची प्रश्नपत्रिका संविधान तक्ता व गुणदान योजनेसह आठ दिवस आधी द्यावी, असे दोघांनाही सांगितले. तिसरा प्रश्न दुरुस्त सूचीने पुन्हा तपासला. 'ब' चे सर्व पेपर सहकारी आणि मी मिळून नव्या योजनेने तपासत आहोत, नंतर 'अ' चे घेऊ. तळटीप यांचे म्हणणे मला कळते, पण गुण काढून घेताना मुलांना कारण सांगितले आणि कोणी तक्रार केली नाही. त्या मुलीलाही सांगितले.

आता पाचव्या प्रश्नासाठी मदत हवी आहे, कारण तोही वाईट निघाला. प्रश्न: "खालीलपैकी कोणते घटक वाहकाच्या रोधावर परिणाम करतात?" पर्याय: (अ) लांबी, (आ) काटछेदाचे क्षेत्रफळ, (इ) पदार्थाचे स्वरूप, (ई) वरीलपैकी सर्व. वरच्या गटातील बऱ्याच जणांनी (अ) लिहिले.

सप्तर्षी (शुक्रवार, सायंकाळी 7.00)

लांबीचा परिणाम होतोच, म्हणून (अ) वाचल्यावर मूल तेथेच थांबले. 'वरीलपैकी सर्व' असले की बाकीचे पर्यायही खरे असतात, आणि खरे उत्तर लिहिणारे मूल चुकते. असे विचारून पाहा: "तांब्याची एक तार ओढून दुप्पट लांब केली. तिचे आकारमान बदलले नाही. तिचा रोध मूळ रोधाच्या किती पट होईल?" पर्याय: निमपट, तेवढाच, दुप्पट, चौपट. लांबी दुप्पट होते आणि क्षेत्रफळ निम्मे होते, म्हणून उत्तर चौपट. फक्त लांबीचा विचार करणारे मूल 'दुप्पट' लिहील, आणि ते कोठे अडले आहे हे तुम्हाला पेपर तपासतानाच कळेल.

पायवाट (शुक्रवार, सायंकाळी 7.20)

हा प्रश्न घेतला. उत्तर मी स्वतः सोडवून पाहिले आहे आणि सहकाऱ्यांनाही सूची न दाखवता सोडवायला दिले आहे.